आत्याची तीन पेस्टल चित्रं: फ्रेमिंगच्या नोंदी, बडोदा

३० नोव्हेंबर

हे काम थंडीतच करायचं, हे आधीपासून ठरलेलं. बडोद्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली असते की त्या दिवसांत काचेमागे बंद केलेला कागद ओल आत घेऊनच बसतो. आता डिसेंबर-जानेवारी हातात आहेत. दुपारी घरातला आर्द्रतामापक चाळिशीच्या आसपास असतो. बुरशीला साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, म्हणजे सध्या धोका नाही.

चित्रं तीन, तिन्ही आत्याची.

पहिलं आजीचं पोर्ट्रेट, १९६४चं. मऊ पेस्टल, रंगीत कागदावर. आत्या तेव्हा इथल्या सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला होती. ती फॅकल्टी १९५० साली सुरू झाली आणि आत्याच्या वेळेला चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला होते. तिघांत हे एकच फ्रेममध्ये आहे, पण त्या फ्रेमचं काही खरं दिसत नाही.

दुसरं सुरसागर, आमच्या शहरातला तलाव, १९७१. संध्याकाळ, पलीकडे न्यायमंदिर म्हणजे जुन्या कोर्टाची इमारत, मधे नुसतं पाणी. तलावाच्या मधली शंकराची मूर्ती तेव्हा उभी राहिलेली नव्हती, त्यामुळे हे पाणी आता फक्त या चित्रातच असं मोकळं दिसतं. कागद म्हणजे सुताराचा काळा पॉलिश पेपर. मागे ३२० छापलंय. २३ × २८ सेंमी, दुकानात मिळतो तो पुरा ताव.

तिसरं ऑइल पेस्टलमधला चाफा. त्याचं शेवटी बघू.

तिन्हींसाठी एकच नियम लिहून ठेवते: जे काही करायचं ते पन्नास वर्षांनी कुणालाही चित्राला इजा न करता सोडवता आलं पाहिजे. डिंकाने पूर्ण चिकटवणं, ड्राय माउंट (गरम दाबून बोर्डावर कायमचं चिकटवणं), सेलोटेप हे सगळं यातच बाद झालं.

३ डिसेंबर

आजीच्या पोर्ट्रेटची जुनी फ्रेम उघडली.

फ्रेम साधारण पालथी घालून मागून उघडतात. पेस्टलचं तसं करता येत नाही, पालथं घातलं की सुटे कण सगळे खाली काचेवर येतात. म्हणून फ्रेम टेबलावर उभी धरली, ह्यांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला, आणि मी मागचे चुका पकडीने हळूहळू ओढून काढले. ठोकाठोक अजिबात नाही. हार्डबोर्ड निघाला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूवर कागदाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटलेला होता.

मग चित्र उताणं ठेवून काच वर उचलली. काचेच्या आतल्या बाजूला आजीचा गाल होता.

अगदी फिका. गालाची गोलाई, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड आणि कपाळावर कुंकवाचा एक बारीक ठसा. बरोबर तिथे, जिथे आत्याने सर्वात शेवटी आणि सर्वात जाड रंग लावला असणार. काच चित्रावर थेट टेकवलेली होती. पावसाळ्यात कागद फुगायचा, काचेला चिकटायचा, थंडीत पुन्हा सैल व्हायचा, आणि दर खेपेला थोडे कण काचेकडे जायचे. गेलेला रंग परत आणता येत नाही. पण चेहरा अजून भरगच्च आहे. आत्याने थरावर थर दिलेले, त्यातला वरचा एक पापुद्रा गेला.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, तोही बघण्यासारखा. खिडकीची तिरकी कड मूळची पांढरी असणार, ती आता चहाच्या रंगाची. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कडेने कागदात उतरलंय आणि चित्राभोवती एक तपकिरी रेघ ओढून गेलंय. माउंट उचलला तर खाली दडलेली कागदाची पट्टी दिसली, चांगली निळसर राखाडी. मी लहानपणापासून या चित्राची पार्श्वभूमी गवती पिवळट म्हणून ओळखते. आजीच्या मागे निळा कागद होता, हे मला आज कळलं.

मग लुगड्याच्या काठाचा जांभळा नीट बघितला. तोही उडालाय. पिवळे-तपकिरी मातीचे रंग आहेत तसे आहेत. स्वस्त खडूंमधले जांभळे आणि गुलाबी उजेडाला सर्वात आधी बळी पडतात, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

मागे वरच्या कडेला सेलोटेप. पट्टी आपसूक सुटून आली, पण तिचा पिवळा चिकटा कागदात मुरलाय. तो काढायला द्रावक लावलं तर ते कागदातून पार पुढे, रंगापर्यंत जाईल. डाग मागे आहे, मागेच राहू दे.

खालच्या कोपऱ्यात बारीक तपकिरी ठिपके आहेत. बाजूने टॉर्च मारून भिंगातून बघितले. ओलसर, मऊ असं काही नाही, जुनेच आणि कोरडे. त्यांना हात नाही लावत. चित्राच्या पुढच्या बाजूवर ब्रशसुद्धा फिरवायचा नाही.

४ डिसेंबर

आत्याला काच दाखवली. ८३ वर्षांची आहे, डोळे अजून शाबूत. तिने उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली, मग म्हणाली, "कुंकू मी अंगठ्याने लावलं होतं. पुसून टाक ही काच, आणि आता नीट कर."

फोटो काढून ठेवला. काच पुसली नाही अजून, पण पुसेन.

रात्री पुण्याहून आतेभावाचा फोन. त्याचं म्हणणं, फिक्सेटिव्ह मारून टाक, कण सुटायचा प्रश्नच मिटेल. पुष्कळांना असंच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मऊ पेस्टलमध्ये रंगद्रव्य जवळपास नुसतं असतं. कांडी धरून राहावी इतपतच, अगदी थोडा डिंक. कागदावर ओढलं की कण कागदाच्या खरखरीत अडकून बसतात आणि त्यांच्या मधे हवा राहते. त्या कणांवर, त्या हवेत उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून पेस्टलचा पांढरा इतका झगझगीत आणि मखमली दिसतो. फिक्सेटिव्ह म्हणजे पातळ राळ. ती हवेची जागा घेते, उजेड विखुरणं कमी होतं आणि रंग गडद, ओलसर दिसायला लागतात. सर्वात आधी मरतात ते फिके रंग. आजीच्या नाकावरचा तो उजेड गेला तर चित्रात उरलं काय? शिवाय एकदा मारलेलं फिक्सेटिव्ह परत काढता येत नाही. माझ्या नियमात ते बसत नाही.

पेस्टल नाजूक असतं, पण टिकत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. स्विस चित्रकार जाँ-एतियेन लियोतारने १७४४च्या सुमारास काढलेली, हातात ट्रे घेऊन चॉकलेट नेणारी मुलगी ड्रेस्डेनला आजही आहे, आणि ते चर्मपत्रावरचं पेस्टल आहे. तेलच नाही म्हटल्यावर वर्षांनुवर्षांत पिवळं पडायला, तडकायला त्यात काही नसतं. जपायचं ते घासण्यापासून, ओलीपासून आणि उजेडापासून. हे सगळं काम फ्रेमने करायचं.

आत्याने फोनवरून त्याला एका वाक्यात सांगितलं: "फवारा मारायचा असता तर मीच मारला असता ना तेव्हा."

७ डिसेंबर

काच की ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक? वजनाला हलकं, फुटत नाही, म्हणून ॲक्रिलिक घ्या असं दोघातिघांनी सुचवलं. त्यांना दाखवण्यासाठी प्रयोग केला. पेस्टलचा तुटका तुकडा सुरीने बशीत खरवडला. ॲक्रिलिकचा तुकडा सुती फडक्याने चार वेळा पुसला आणि बशीच्या वर बोटभर अंतरावर धरला. निळी भुकटी उडून ॲक्रिलिकला चिकटली, झटकली तरी निघेना. तेच काचेने केलं, भुकटी बशीत होती तिथेच राहिली.

कोरड्या हवेत ही स्थिर वीज आणखी जोर धरते, आणि आपण तर मुद्दाम कोरड्या हवेत काम करतोय. स्थिर वीज न धरणारं खास ॲक्रिलिक असतं, पण ते इथे सहज मिळत नाही आणि महागही आहे. तेव्हा काच.

२ मिमी जाडीची काच चौरस मीटरला ५ किलो भरते. आजीच्या फ्रेमचं बाहेरचं माप ५२ × ६५ सेंमी होतंय, म्हणजे नुसती काच पावणेदोन किलोच्या आत. भिंतीला काही जड नाही.

आजीसाठी अतिनील किरण अडवणारी काच घ्यायची, बाकी दोघांना साधी. पैसे सगळ्यांवर सारखे वाटण्यापेक्षा जिथे नुकसान आधीच झालंय तिथे घालावेत. तरी ही काच लावली म्हणून चित्र उन्हात टांगायला मोकळे, असं नाही. दिसणारा उजेडही रंग उडवतो, फक्त सावकाश.

१० डिसेंबर

फ्रेमवाल्यांकडे. मांडवीच्या बाजूचं जुनं दुकान. देवांचे फोटो, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, पदवीची सर्टिफिकिटं, हे त्यांचं रोजचं काम, आणि हात अतिशय साफ. ४५ अंशांत कापलेले कोपरे असे जुळतात की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. म्हणूनच त्यांच्याकडे गेले. बोलणं अर्थातच गुजरातीत.

त्यांना चित्र दाखवलं, मग थरांचा हिशोब कागदावर मांडला. काच २ मिमी, माउंट दीड, माउंट आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारी मधली पट्टी ५, चित्राखालचा बोर्ड दीड, मागचा फोमबोर्ड ५. बेरीज १५ मिमी. म्हणजे फ्रेमच्या लाकडी पट्टीची आतली खाच निदान १८ मिमी खोल हवी. त्यांच्याकडच्या नेहमीच्या पट्ट्यांची खाच ८-१० मिमीची.

"बेन, काच तो चित्र पर ज बेसे ने?"

नाही म्हटलं, आणि काचेवर उमटलेल्या गालाचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मोठा करून बघितला.

"एटले वच्चे हवा राखवानी."

म्हणजे मधे हवा ठेवायची. बस, तेवढंच. सागवानाची खोल पट्टी ते स्वतः रंधून देणार आहेत. नक्षी नाही, सोनेरी नाही. त्यांनी चंदेरी कडेची एक पट्टी फार आग्रहाने काढून दाखवली. होतीही सुंदर, पण आजीच्या सुती लुगड्याशेजारी ती झगमगली असती.

आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, खाचेला आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, कारण लाकडातूनही आम्लाची वाफ बाहेर पडत राहते. दुसरी, मागचा बोर्ड चुका ठोकून बसवायचा नाही. पेस्टल आत असताना हातोडीचा प्रत्येक ठोका म्हणजे थोडा रंग खाली. त्याऐवजी स्क्रूवर फिरणाऱ्या छोट्या पितळी पट्ट्या, आणि त्यांची भोकं रिकाम्या फ्रेमलाच आधी पाडून ठेवायची. ही कल्पना त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमलाही तसंच करीन म्हणाले.

१९ डिसेंबर

मुंबईहून माउंट बोर्ड आले. शंभर टक्के कापसाचे, आम्लविरहित. साध्या माउंटच्या कितीतरी पट किंमत, पण ती तपकिरी रेघ बघितल्यावर इथे काटकसर करायला मन धजत नाही.

रंग आत्याबरोबर बसून ठरवला. माझा कल निळसर राखाडीकडे होता, मूळ कागदाची आठवण म्हणून. आत्याने तुकडे चित्राशेजारी धरून बघितले आणि मोडून काढलं. निळा शेजारी आला की आजीचा चेहरा आजारी दिसतो. मग साध्या खादीचा असतो तसला पांढरा. सुरसागरला उबदार राखाडी, कारण काळ्या पॉलिश पेपराशेजारी पांढरा फार ओरडतो. तिचा नियम सोपा आहे: चित्रातला सर्वात चटकदार रंग उचलून माउंटला द्यायचा नाही, तो रंग मग चित्रातून उठून बाहेर येतो.

२२ डिसेंबर

माउंट कापले. आजीचा कागद ३८ × ५०. खिडकी ३७ × ४९. बाजूंना आणि वर साडेसात सेंमी, खाली साडेआठ. खाली थोडं जास्त ठेवलं नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

आता यातला मला सर्वात आवडलेला भाग. माउंटच्या मागच्या बाजूला चारी कडांनी ५ मिमी जाड फोमबोर्डच्या पट्ट्या लावल्या, पण खिडकीच्या कडेपर्यंत आणल्या नाहीत, एक सेंटीमीटर मागे ठेवल्या. त्यामुळे माउंट चित्राच्या वर अधांतरी राहतो आणि त्याच्या कडेखाली चारी बाजूंनी एक पोकळी तयार होते. फ्रेम भिंतीवर उभी असताना, दार आपटलं, रस्त्यावरून वरात गेली, ढोल वाजले की चित्रातून थोडे कण सुटणारच. ते खाली घरंगळतात आणि कौलांवरचं पाणी पन्हळीत पडावं तसे या पोकळीत पडतात. दिसत नाहीत. पट्टी जर खिडकीच्या कडेला भिडवली असती तर तेच कण माउंटच्या पांढऱ्या तिरक्या कडेवर साचून वर्षभरात तिथे रंगीत मिशी उमटली असती.

दर वेळी नवं पातं. बोथट पात्याने कापसाचा बोर्ड फाटतो, कापला जात नाही.

२६ डिसेंबर

चिकटवण्यासाठी खळ. संग्रहालयांत कागदाच्या कामाला गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात: पाण्याने सुटते, पिवळी पडत नाही. गव्हाचं सत्त्व म्हटल्यावर आमच्या घरात वेगळं काही शिकावं लागलं नाही, कुरडयांचा चीक करतो त्याच वाटेने जायचं. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, फडक्याने गाळले. कुरडईसाठी इथेच थांबतो. खळीसाठी पुढे जायचं. रात्रभर ठेवलं की वर पिवळं पाणी, मधे तपकिरी चिकट थर आणि तळाला पांढरं शुभ्र सत्त्व बसतं. पाणी ओतलं, तपकिरी थर खरवडून टाकला, पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळलं, पुन्हा निवळू दिलं. वरचं पाणी अगदी नितळ होईपर्यंत हेच. मग वाळवलं.

एक भाग सत्त्व, चार भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत. आधी दूधासारखं, मग एकदम घट्ट, मग हळूहळू पारदर्शक होत जातं. त्या पारदर्शक होण्याची वाट बघायची, घाई केली तर पकड येत नाही. गार झाल्यावर बारीक गाळणीतून घासून काढली.

मोरचूद घातलं नाही. बाइंडिंगवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालत आलेत, पण ते कागदाला हळूहळू खातं. कसरीचा बंदोबस्त फ्रेम सगळीकडून बंद करून करायचा.

२८ डिसेंबर

आजीला बोर्डावर टांगलं.

जपानी तुती-कागदाच्या दोन पट्ट्या. कागद चित्रापेक्षा पातळ आणि कमकुवत हवा, म्हणजे उद्या फ्रेम पडली आणि हिसका बसला तर पट्टी फाटेल, चित्र फाटणार नाही. कडा कात्रीने कापल्या नाहीत, ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडल्या. फाडलेल्या कडेचे तंतू मऊ पसरतात आणि पुढून उठाव दिसत नाही.

चित्र उताणंच. पट्टीच्या अर्ध्या भागाला खळ लावून, ती बाजू वर करून, कागदाच्या वरच्या कडेखाली सरकवली. पट्टीचा उरलेला भाग कडेच्या वर उभा राहिला. त्याच्यावर आडवी दुसरी पट्टी, बोर्डाला चिकटवलेली. कडेला जी रंग नसलेली चिंचोळी पट्टी आहे तेवढ्यावरच टिपकागद आणि छोटं वजन ठेवलं. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा हवी. चारी बाजूंनी जखडला तर तो मधे फुगवटा काढतो आणि फुगवटा पुन्हा काचेकडे जातो.

सुरसागरला खळ लावलीच नाही. पॉलिश पेपर ओला झाला की वळतो. सुदैवाने आत्याने चित्र काढताना चारी बाजूंना टेप लावली होती, त्यामुळे सेंटीमीटरभर कोरी कड आहे. त्या कडेवर बसतील असे चार कोपऱ्यांना कागदी खिसे केले आणि चित्र त्यांत अडकवलं. चिकटवलं ते खिसे बोर्डाला. चित्राला काहीच नाही.

हे करताना भिंग हातात होतं म्हणून आकाश जवळून बघितलं. खडूच्या बाजूने घासलेला नारिंगी, त्याच्या फटीतून काळा कागद डोकावतो, आणि न्यायमंदिराच्या घुमटाशेजारी एका जागी नारिंगी आणि राखाडी एकमेकांत मिसळलेत तिथे बोटाच्या रेषा आहेत. गोल, बारीक, स्पष्ट. आत्याचा अंगठा, ५० वर्षांपूर्वीचा. या रेषांची उंची किती असेल? काच टेकली असती तर पहिल्या पावसाळ्यातच गेल्या असत्या.

१७ जानेवारी

उत्तरायण म्हणजे संक्रांत आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, यांत सगळा बाजार पतंग घेऊन छतावर, फ्रेमवालेही. फ्रेम आज मिळाल्या. उशीर झाला म्हणून मी जरा अस्वस्थ होते, तर आत्याने पिक्चर गॅलरीचा दाखला दिला: सयाजीरावांची कमाटी बागेतली इमारत १९१४ला तयार झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून घेतलेली चित्रं यायला वेळ लागला आणि गॅलरी उघडली १९२१ला. चित्रं थांबली, बिघडली नाहीत.

पट्टी अप्रतिम झालीय. पॉलिश नाही, नुसतं मेण. खाच पुरी १८.

१८ जानेवारी

जोडणी. दुपारी दीड वाजता, हवा सर्वात कोरडी तेव्हा. पंखा बंद.

काच दोन्ही बाजूंनी पुसली, पाण्याने, अमोनियाचं काही नाही. सुकल्यावर आडवी धरून उजेडात बघितली. एक दोरा राहिला तरी तो पुढची वीस वर्षं आजीच्या नाकासमोर लोंबत राहील.

थर खालून वर रचले: फोमबोर्ड, चित्राचा बोर्ड, माउंट, काच. सगळं उताणं. मग चारी कडांना काचेपासून फोमबोर्डपर्यंत टेप ओढून एक बंद पुडकं केलं. धूळ, कसर, ओल या तिघांना हीच टेप अडवते, फ्रेम फक्त तिला धरून ठेवते. फ्रेम वरून पुडक्यावर उतरवली, दोघांनी मिळून उभी केली, मागच्या पितळी पट्ट्या फिरवल्या. एकही ठोका नाही. नंतर टॉर्चने काचेच्या आतून खालची कड तपासली, माउंटवर एक कण पडलेला नाही.

सुरसागरही तसंच. त्याला कमी वेळ लागला.

२५ जानेवारी

भिंत. यावर घरात सर्वात जास्त चर्चा झाली.

दिवाणखान्याची रस्त्याकडची भिंत सगळ्यांना हवी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते म्हणून. ती पश्चिमेची. दांडिया बाजारातली ही जुनी घरं, विटांच्या जाड भिंती, पावसाच्या बाजूने आतपर्यंत ओल खातात. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, आमच्याकडे आलं नाही, पण त्या पावसाने या भिंतीचा रंग पापुद्रे होऊन सुटला तो दिवाळीपर्यंत सुकला नव्हता. बाहेरच्या भिंतीवर पेस्टल नाही, हे मी सोडायला तयार नव्हते.

देवघराशेजारची भिंत कोरडी आहे, पण तिथे रोज उदबत्ती आणि तुपाचा दिवा. तो धूर चिकट असतो, काचेवर थर धरतो आणि मग काच सारखी पुसावी लागते, म्हणजे सारखा धक्का.

शेवटी माजघराची आतली भिंत. दोन्ही बाजूंना खोल्या, समोर खिडकी नाही, दुपारीसुद्धा मऊ उजेड. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. घरात तितका अंधार करून कुणी राहत नाही, पण या भिंतीवर ऊन कधीच येत नाही. चित्राच्या डोक्यावर लावायचा दिवा रद्द केला.

प्रत्येक फ्रेम दोन हुकांवर, एका खिळ्यावर नाही. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यामधे बोटभर हवा खेळती राहील. भोकं पाडताना चित्रं दुसऱ्या खोलीत.

आत्याची खुर्ची तिथेच असते. तिने आजीकडे बघून पहिली गोष्ट सांगितली ती अशी की डावा कान चुकलाय. १९६४पासून चुकलेलाच आहे म्हणे.

१ फेब्रुवारी

चाफा. ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि न वाळणारं तेल असतं, त्यामुळे भुकटी पडत नाही, पण ते कधीच पुरतं वाळतही नाही. त्याला पन्हळीची गरज नाही, काचेपासून अंतर मात्र तितकंच हवं: बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की रंग मऊ होतो आणि जे टेकेल त्याला चिकटतो. मधली पट्टी ५ मिमीचीच ठेवली. कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा, दोन तुती-पट्ट्या, काम अर्ध्या दिवसात झालं. हे आतेभावाकडे जायचंय. कुरियरने नाही, तो होळीला येईल तेव्हा स्वतः नेईल. काचेवर कागदी टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे प्रवासात फुटलीच तर तुकडे चित्रावर पडणार नाहीत.

तिन्हींच्या मागे कागद लावला, शाईने लिहून: चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, कागद कोणता, आत काय काय आहे, कुठली खळ वापरली, अतिनील अडवणारी काच कोणत्या फ्रेममध्ये आहे, आणि ठळक अक्षरात "पेस्टल आहे, पालथं घालू नये". सुरसागरवर आत्याने स्वतः सही केली, चित्रावर करायची राहून गेली होती.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फ्रेमच्या मागे हात घालून भिंत चाचपायची. ऑक्टोबरमध्ये आजीची फ्रेम उतरवून खालची कड टॉर्चने बघायची. पुडकं उघडायचं नाही, ठिपके वाढलेले दिसले तरच. फ्रेमवाल्यांनी विचारलंय, उरलेले कापसाचे बोर्ड विकत देता का? दोन देणार आहे. एक ठेवते, आत्याच्या कपाटात अजून एक गुंडाळी आहे, ती आम्ही उघडलेली नाही.